जिराफाला काय धाड भरलीय?

रानवाट:
परवा मित्रमंडळींत सहज विचारलं, जिराफ संकटात आहे का? सगळे हसले. "त्याला काय धाड भरलीय!" १९८५ मध्ये दीड लाखाच्या वर जिराफ होते, २०१५ पर्यंत लाखाच्या आत आले. कुठल्या प्राण्याला किती धोका आहे याची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत तो २०१६ पासून 'असुरक्षित' आहे. पण दुपट्यावर जिराफ, डब्यावर जिराफ. मग तो रानातही भरपूर असणार असंच वाटतं. २०१८ मध्ये फ्रँक कुर्शां या फ्रेंच शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं. फ्रान्समध्ये २०१० या एका वर्षात 'सोफी' नावाची आठ लाखांवर जिराफ-खेळणी विकली गेली. खऱ्या जिराफांच्या सुमारे आठपट! लोकांना प्राणी माहीत नसतात, चित्रं माहीत असतात. आणि 'मला माहितीये' हा समज अज्ञानाहून घातक.

शंकेखोर:
बरं, मग? मला आकडा कळला म्हणून एक तरी जिराफ वाढेल? पांडा बांबू खातो यापलीकडे कुणाला काय ठाऊक आहे? तरी २०१६ मध्ये तो 'संकटग्रस्त'मधून 'असुरक्षित'मध्ये आला, म्हणजे सुधारलाच. गोंडस तोंड पुरलं.

रानवाट:
तोंडामागे चीन सरकारची राखीव जंगलं होती, साहेब. आणि ज्यांना असं तोंड नाही त्यांनी काय करायचं? खवल्या मांजराची तस्करी प्रचंड होते. लोक मात्र त्याला मांजराची जात समजतात.

टोळभैरव:
समजणारच की! उदमांजर, पाणमांजर, खवल्या मांजर. एकही मांजर नाही. नावं ठेवणाऱ्यांना आधी धरा.

रानवाट:
हा हा, मान्य. पण तरसाच्या नावात तर काही खोट नाही ना? तरी तो उष्टं खाणारा, भित्रा. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९६०च्या दशकात टांझानियातल्या न्गोरोन्गोरोत रात्री जागून पाहिलं, तर ठिपकेदार तरस स्वतः शिकार करत होते आणि सिंह ती हिसकावत होते. सकाळी येणाऱ्याला सिंह खाताना आणि तरस ताटकळताना दिसायचे. बदनामी कुणाची झाली बघा.

शंकेखोर:
म्हणजे तोवर जाणकारही चुकतच होते. मारामारी करून कळपाचा म्होरक्या होणारा 'अल्फा लांडगा' तरी कुणी पसरवला? लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकानं. सामान्य माणसाला कशाला बोल लावता?

रानवाट:
मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लं, एक कुटुंब. शास्त्रज्ञानं चूक सुधारली. लोकांचा अल्फा अजून छाती काढून फिरतोय, त्याचं काय?

शंकेखोर:
हे पटलं. पण आकडा ऐकून तुमच्या मित्रांचं पुढे काय झालं, ते सांगा. घरी जाऊन झोपले ना?

रानवाट:
बाकीचे झोपले. एकानं रात्री मेसेज केला, "मग झेब्र्याचं काय?" मलाही सांगता येईना. शोधलं तेव्हा कळलं, झेब्रे तीन प्रकारचे. त्यातले ग्रेवी झेब्रे जेमतेम तीन हजारांच्या आसपास. मी आजवर सगळे एकच समजत होते.