फोन उचलला की नेट जातं: तांब्याच्या लाइनीचे कोकणातले अनुभव

किनारपट्टीच्या काही वाड्यांवर अजून एकाच तांब्याच्या जोडीवर फोन आणि ब्रॉडबँड (डीएसएल) दोन्ही चालतं. फोन वाजला किंवा उचलला की मोडेमचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो, नेट तुटतं आणि परत जुळायला मिनिटभर जातं. ज्यांनी असे दोष शोधून काढले आहेत त्यांनी इथे लिहावं. कोणती कंपनी वाईट हा विषय नको. लक्षण काय होतं, काय तपासलं, कोणता भाग बदलला, इतकं नेमकं हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आवाजाला साधारण 300 ते 3400 हर्ट्झ लागतात. एडीएसएल, म्हणजे डीएसएलचा नेहमीचा प्रकार, त्याच तारेवर त्याच्या बरंच वर चालतं: अपलोड सुमारे 26 ते 138 किलोहर्ट्झ आणि डाउनलोड त्यापुढे 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, त्याची पुढची आवृत्ती एडीएसएल-2 प्लस असेल तर 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं कारण नाही. ते येतात तेव्हा एक तर मधला फिल्टर नीट काम करत नसतो, नाहीतर तारेतच कुठेतरी खोट असते. या दोन्हींतला फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

गुहागरहून

पहिला संशय स्प्लिटरवर, म्हणजे आवाज आणि ब्रॉडबँड वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या डबीवर. त्या डबीत फक्त कॉइल आणि कपॅसिटर असतात, पण कॉइल वीज कडाडताना जळते आणि बाहेरून काही दिसत नाही. डबीला तीन तोंडं असतात: लाइन, फोन, मोडेम. लाइन आणि फोनच्या वायरींची अदलाबदल झालेली पुष्कळ घरांत सापडते. फोन चालतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. फिल्टर नसेल किंवा मेला असेल तर रिसीव्हर उचलताच फोनचं सर्किट थेट लाइनीवर येतं, मोडेमचा सिग्नल त्यात जिरतो आणि नेट तुटतं.

तपासणी दहा मिनिटांची आहे:

1. घरातले सगळे फोन आणि स्प्लिटर काढा. बाहेरून आलेली वायर ज्या पहिल्या रोझेटमध्ये (भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत) शिरते तिथेच मोडेम थेट लावा. अर्धा तास नेट टिकतं का बघा.
2. मग स्प्लिटर मध्ये घाला, फोन लावू नका.
3. मग एकच फोन लावा. उचला, ठेवा, मोबाइलवरून रिंग द्या.
4. मग बाकीचे फोन एकेक करून.

ज्या पायरीवर नेट जाईल तिथला भाग बदला. पहिल्याच पायरीवर जात असेल तर दोष मोडेममध्ये किंवा बाहेरच्या लाइनीत. दुसरा मोडेम लावून पाहिलात की तेही कळतं.

मालवणहून

स्प्लिटर नवा आहे, एकच फोन आहे, तरीही रिंग आली की नेट जातं. आता काय बघायचं?

गुहागरहून

एकच फोन आहे याची खात्री करा. माडीवर, पडवीत किंवा मागच्या मांगरात जुनं पॅरलल एक्स्टेन्शन असतं आणि त्याची जोडणी बहुतेक वेळा स्प्लिटरच्या आधीच, पहिल्या रोझेटमधून घेतलेली असते. तिथे जुना फोन, फॅक्स मशीन किंवा कॉलर आयडीची डबी लटकत असेल तर तीही फिल्टरशिवाय लाइनीवर आहे. दोन उपाय आहेत. सगळी एक्स्टेन्शन्स स्प्लिटरच्या फोनच्या तोंडानंतर घ्या, किंवा प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावा. पहिला जास्त चांगला.

आणि फोन काढून ठेवलेली नुसती वायरसुद्धा निरुपद्रवी नसते. तिच्या मोकळ्या टोकावरून सिग्नल परत फिरतो. 50 मीटरची अशी फांदी 1 मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग खाते, 25 मीटरची 2 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. लांबच लांब कोकणी घरात मांगरापर्यंत तेवढी वायर सहज होते. वापरात नसेल तर मुळापासून सोडवा.

रत्नागिरीहून

दिव्यावर विसंबू नका, आकडे बघा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडा (काही मोडेममध्ये 192.168.0.1), स्टेटसमध्ये डीएसएलचं पान असतं. तिथे दोन आकडे महत्त्वाचे: एसएनआर मार्जिन (गोंगाटावर मात करून सिग्नलकडे उरलेली जादा ताकद) आणि अटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो). मार्जिन 6 डेसिबलच्या खाली गेलं की लाइन डळमळते, 10 च्या वर असेल तर बरी. अटेन्युएशन उलटं, जितकं कमी तितकं चांगलं. 60 च्या पुढे गेलं तर एक्स्चेंज फार लांब आहे किंवा तार खराब आहे.

हे आकडे तीनदा लिहून घ्या: फोन ठेवलेला असताना, रिंग चालू असताना, उचललेला असताना. ठेवलेला असताना 14 आणि उचलल्यावर 5 दिसत असेल तर फिल्टर किंवा घरातली वायरिंग. सगळ्याच वेळी 6-7 असेल तर फोन हे निमित्त आहे, लाइन आधीच काठावर आहे. अशा लांबच्या लाइनीवर मोडेममध्ये एडीएसएल-2 प्लसऐवजी साधं एडीएसएल-2 निवडून बघा. वरच्या फ्रिक्वेन्सी तेवढ्या अंतरावर पोचतच नाहीत. कंपनीकडून वेगाचं प्रोफाइल एक पायरी खाली करून घेतलं तर नेट थोडं हळू होईल, पण टिकेल.

वेंगुर्ल्याहून

मला वाटतं आपल्याकडे फिल्टरइतकाच मोठा गुन्हेगार म्हणजे गंजलेला जॉइंट, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. खारा वारा आणि चार महिने पाऊस. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तो जॉइंट वीज धड वाहू देत नाही, धड अडवतही नाही.

फोन ठेवलेला असताना लाइनीवर सुमारे 48 व्होल्ट डीसी असतात, पण प्रवाह जवळजवळ नसतो. उचलला की 20 मिलीअँपच्या वर प्रवाह सुरू होतो. रिंगच्या वेळी 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो. या बदलांनी गंजलेल्या जॉइंटचा रोध क्षणात बदलतो. मोडेमला ते सहन होत नाही आणि तो नव्याने जुळायला लागतो. म्हणून या खुणा लक्षात ठेवा:

फोन उचलल्यावर नेट सुधारतं, किंवा एक कॉल येऊन गेल्यावर दिवसभर बरं चालतं. हा फिल्टर नव्हे, हा जॉइंट. प्रवाहाने गंजाचा पातळ थर तात्पुरता फुटतो.

डायल टोन नाही, पण नेट रखडत चालू आहे. जोडीतली एक तार तुटली आहे. आवाजाला दोन्ही तारा लागतात. उंच फ्रिक्वेन्सी मात्र तुटलेल्या जागेतूनही थोडी झिरपते.

फोनवर घूं असा संथ आवाज. एका तारेतून जमिनीत गळती आहे, बहुतेक ओली झावळी टेकलेली किंवा डीपीत (खांबावरच्या जोडणीच्या पेटीत) पाणी.

खरखर ऐकायची रीत: रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, मग काही सेकंद नुसतं ऐका. निरोगी लाइन शांत असते. मल्टिमीटर असेल तर 200 व्होल्ट डीसीवर ठेवून रोझेटवर मोजा. ठेवलेला असताना 45 ते 52, उचलल्यावर साधारण 6 ते 12 यायला हवेत. उचलल्यावर 3-4 च येत असतील आणि आवाज बारीक असेल तर वाटेत कुठेतरी रोध वाढलाय. चालू लाइनीवर ओहम मोजायला जाऊ नका, मीटर बिघडेल. आणि रिंगच्या वेळी उघड्या तारांना हात नको, चांगला झटका बसतो.

दुरुस्ती: टेप काढा, तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा आणि जेली भरलेला कनेक्टर वापरा. त्यात तार सोलायची गरज नसते. दोन्ही तारा तळापर्यंत ढकला आणि वरचं बटण पक्कडीने पूर्ण सपाट होईपर्यंत दाबा. जेलीमुळे हवा आणि ओल आत जात नाही. घराच्या हद्दीपर्यंतचं हे काम स्वतः करता येतं. खांबावरची डीपी मात्र लाइनमनचीच.

देवगडहून

वेंगुर्लेकरांच्या मुद्द्याला जोडून. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. रोझेट थेट तिच्यावर ठोकली की आतले स्क्रू हिरवे पडतात. मध्ये लाकडी गट्टू किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवून भिंतीपासून दोन सेंटीमीटर अंतर सोडा. वायर पागोळ्यांखालून येत असेल तर भोकाच्या आधी तिला खाली झोळ द्या आणि मग वर वळवून आत घ्या. म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, तारेवरून आत येत नाही. भोक बाहेरून आत चढतं पाडा आणि सिलिकॉनने बुजवा. मुंग्याही मग येत नाहीत. मृगाच्या आधी रोझेट एकदा उघडून बघितलेली बरी.

घरातली चपटी समांतर वायर काढून नेटवर्क केबलमधली पिळलेली निळी जोडी वापरा. पंखा, पंप, इन्व्हर्टर यांचा आवाज ती कमी पकडते.

श्रीवर्धनहून

विजांबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू व्हायच्या आत लाइनीची वायर आणि अॅडॅप्टर दोन्ही काढा. नुसता अॅडॅप्टर काढून उपयोग नाही, झटका फोनच्या तारेनेही येतो. वीज पडून गेल्यावर फोन चालतो पण उचलताच नेट जातं, असं झालं तर आधी स्प्लिटर बदला.

हर्णैहून

एक वेगळी शक्यता. फोन कॉर्डलेस असेल आणि नेट फक्त मोबाइलवर जात असेल तर लाइनीचा दोष नसेलही. लॅपटॉप केबलने मोडेमला जोडा आणि कॉर्डलेसवर बोला. केबलवर नेट टिकलं आणि डीएसएलचा दिवा स्थिर राहिला तर भांडण वायफायशी आहे. कॉर्डलेस 2.4 गिगाहर्ट्झवरचा आहे का बघा, त्याचा बेस मोडेमपासून दोन-तीन मीटर दूर न्या, वायफायचं चॅनल 1, 6 आणि 11 यांतलं एकेक करून पाहा.

अलिबागहून

फायबर घेतलेल्यांसाठी. तिथे स्प्लिटर लागत नाही, फोन ओएनटीच्या, म्हणजे फायबर घरात जिथे संपते त्या, डबीला लागतो. तरीही रिंग आली की सगळे दिवे विझून डबी पुन्हा चालू होत असेल तर अॅडॅप्टर तपासा. फोन वाजवायला लागणारा व्होल्टेज ही डबी स्वतः तयार करते आणि त्या क्षणी जास्त प्रवाह ओढते. थकलेला 12 व्होल्टचा अॅडॅप्टर तिथे मान टाकतो. डबीवर छापलेल्या व्होल्टेजचाच, आणि तितक्या किंवा जास्त अँपिअरचा नवा लावा. जुने दोन-तीन फोन पॅरललमध्ये असतील तर एकच ठेवून बघा.

राजापूरहून

तक्रार नोंदवताना "नेट स्लो आहे" असं सांगू नका. त्यावर मोडेम बंद करून चालू करा एवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: स्प्लिटर काढून पहिल्या रोझेटवर थेट मोडेम लावला तरी लाइन तुटते, मार्जिन इतकं, अटेन्युएशन इतकं, एक आकडा दाबल्यावर खरखर ऐकू येते. फोनवर खरखर असेल तर फोनची तक्रार वेगळी नोंदवा. लाइनमन ती घेऊन आला तर डीपी आणि पिलर (रस्त्याकडेचं जोडण्यांचं कपाट) दोन्हींतला जॉइंट बघतो, आणि बरेचदा नेटही तिथेच सुटतं. तो आला की त्याच्यासमोर फोन उचलून, रिंग देऊन दाखवा. कोरड्या दुपारी दोष लपतो, म्हणून जमलं तर पाऊस चालू असतानाच बोलवा.