इंग्लंडमध्ये प्लॅनिंग अर्जावर हरकत घेताना

प्रश्न असा आहे की गल्लीतल्या सगळ्यांनी विरोधात सह्या करूनही शेजारच्या दुमजली वाढीव बांधकामाला कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) परवानगी दिलीच कशी. इंग्लंडमध्ये हा निर्णय डोकी मोजून होत नाही. २००४ च्या ‘प्लॅनिंग अँड कंपल्सरी परचेस अ‍ॅक्ट’ या कायद्याच्या कलम ३८(६) नुसार अर्ज आधी स्थानिक विकास आराखड्याशी ताडून पाहावा लागतो. त्यापासून फारकत घ्यायची तर नियोजनाशी संबंधित ठोस कारण लागतं. त्यामुळे ‘आमच्या घराची किंमत पडेल’, ‘खिडकीतला देखावा जाईल’ अशी ढीगभर पत्रं आली तरी त्यांना वजन मिळत नाही. याउलट खोलीतला उजेड किती कमी होईल, नव्या खिडकीतून थेट आमच्या बेडरूममध्ये कसं दिसेल, हे नेमकं मांडणारं एकच पत्र कौन्सिलच्या नियोजन अधिकाऱ्याला आपल्या अहवालात विचारात घ्यावंच लागतं.

आणि हो, बहुतेक अर्ज कौन्सिलरांच्या (निवडून आलेल्या सदस्यांच्या) नियोजन समितीपुढे जातच नाहीत, अधिकारीच निकाली काढतात. समितीत चर्चा व्हावी असं वाटत असेल तर हरकतींची मुदत, साधारण २१ दिवस, संपायच्या आत आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला गाठा.

मला खरा अन्याय वाटतो तो पुढे. परवानगी नाकारली तर अर्जदार प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील करू शकतो; मंजुरी मिळाली तर शेजाऱ्याला अपिलाचा हक्कच नाही. उरतो तो ६ आठवड्यांत उच्च न्यायालयात जाण्याचा खर्चिक मार्ग, आणि तिथेही निर्णय कायदेशीर होता का एवढंच तपासतात.