म्युझियममधल्या जुन्या मूर्ती घासून चकचकीत कराव्यात की नाही?

दांडियाबाजारवाले
अकोट्याच्या ब्राँझ मूर्तींवरून घरात वाद पेटलाय, म्हणून इथे टाकतो. (कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहेत त्या. अकोटा म्हणजे आता बडोद्याचंच उपनगर, हे बाहेरगावच्यांसाठी.) तक्रार कुठल्या एका म्युझियमची नाही, देशभर हीच तऱ्हा आहे. मूर्ती काळपट, हिरवट, आणि पाहुणे विचारतात, "ह्या कधी घासत नाहीत का?"

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांसमोर ठेवायची तर उजळून ठेवा. ज्याने ती ओतली त्याने झळाळतीच करून दिली होती ना? आमच्याकडे पणजीची समई, ताम्हन, पंचपात्र दर सणाला चिंच-मिठाने निघतात. इतक्या वर्षांत काही बिघडलं नाही. सयाजीरावांनी १८९४ मध्ये ती इमारत उभी केली ती लोकांनी बघून शिकावं म्हणून. नाक कुठे, डोळा कुठे कळत नसेल तर शिकणार काय?

संग्रहालयशास्त्रवाली
काका, तुमची समई कधी जमिनीत पुरलेली नव्हती. सगळा फरक तिथेच आहे.

अकोट्याच्या ६८ जैन मूर्ती १९५१ च्या सुमारास मातीतून निघाल्या. साधारण सहाव्या ते बाराव्या शतकातल्या. इतकी शतकं मातीत पडलेल्या तांब्याच्या मिश्रधातूत क्लोराइडचे क्षार खोलवर शिरू शकतात. वरून काही दिसत नाही. मग दमट हवा लागली की आत दडलेलं क्युप्रस क्लोराइड पाणी आणि प्राणवायूशी मिळून फिकट हिरवी भुकटी होतं, त्यात आम्ल सुटतं, ते आम्ल पुढचं तांबं खातं आणि त्यातून पुन्हा क्लोराइड तयार. हे चक्र आपणहून थांबत नाही. ह्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. आता तुमची चिंच वरचा संरक्षक थर विरघळवणार आणि मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ज्याला बाहेर काढायचं त्यालाच आपण आत घालतोय! घरची भांडी लगेच खळखळून धुवून पुसली जातात, त्यांना भेगा नसतात, म्हणून चालून जातं.

आणि हिरवं दिसलं म्हणजे रोग झाला असंही नाही. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर धातूचं कवच असतो, तो ठेवायचा. बोट लावलं की भुकटी सुटते ते डाग धोक्याचे. ते भिंगाखाली बारीक सुरीने टिपून काढतात, बेन्झोट्रायाझोल हे गंज रोखणारं रसायन देतात, वर पातळ लेप, आणि मूर्ती कोरड्या कपाटात. सापेक्ष आर्द्रता (हवेतला दमटपणा) चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली राहिली तर चक्र थंडावतं. आपल्याकडे श्रावणात ते राखायचं म्हणजे कपाट घट्ट बंद हवं, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल हवं आणि ते वेळेवर बदलणारा माणूसही हवा.

शेवटचं. ह्यातल्या काही मूर्तींच्या डोळ्यांत चांदी बसवलेली आहे, बैठकींवर लेख कोरलेले आहेत. अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवतात. घासणीने एक रेघ उथळ झाली की पुरावाच गेला.

रावपुराकर
तज्ज्ञांवर इतका भरवसा नको. अजिंठा आठवा. १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले, चेकोनी आणि ओर्सिनी. त्यांनी रंग टिकावेत म्हणून चित्रांवर लाखेचा लेप चढवला. काही वर्षांत लेप पिवळा पडला, धूळ-धूर धरून काळवंडला, आणि पुढे पुरातत्त्व खात्याला तो उतरवत बसावं लागलं. ते काही चिंच-मीठवाले नव्हते. त्यांच्याकडेही त्या काळचं शास्त्र होतंच की. आज तुम्ही जो 'पातळ लेप' म्हणता त्याचं पन्नास वर्षांनी काय होईल?

संग्रहालयशास्त्रवाली
म्हणून तर आज पहिली अट अशी की जे लावाल ते पुढे काढता आलं पाहिजे. पॅरालॉइड बी-७२ नावाचं अॅक्रिलिक वापरतात, ते अॅसिटोनने निघतं. शिवाय काय लावलं, कुठे लावलं, ह्याची फोटोंसकट नोंद. अजिंठ्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. लेप निदान उतरवता येतो. घासलेला धातू परत चिकटवता येत नाही.

आणि 'पाहणाऱ्याला आवडेल तसं' म्हणत असाल तर ब्रिटिश म्युझियममधले पार्थेनॉनचे, म्हणजे अथेन्सच्या प्राचीन मंदिराचे, संगमरवर बघा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नवं दालन व्हायचं होतं, पैसा लॉर्ड ड्यूवीन ह्या कलाव्यापाऱ्याचा. संगमरवर म्हणजे पांढराशुभ्र, अशी समजूत. कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी खरवडून जुना मधाळ थर बऱ्याच ठिकाणी काढून टाकला. पैसे देणाऱ्याला हवं होतं तसं दिसलं असेल. पण गेलं ते गेलं.

वाडीकर ताई
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे, त्यांच्या देरासरात (जैन मंदिरात) मूर्तीला रोज प्रक्षाळ, म्हणजे अंघोळ होते, केशर लागतं, अंगलूछणं, म्हणजे पुसणं होतं. जुन्या पूजेतल्या धातुमूर्तींचे चेहरे अशा हातांनीच गुळगुळीत झालेले असतात. झिजणं हा मूर्तीच्या आयुष्याचाच भाग नाही का? म्युझियमवाले म्हणतात हात लावू नका, हे म्हणतात घासून काढा. दोघांनाही ती मूर्ती म्हणून नकोय, वस्तू म्हणून हवीय.

दांडियाबाजारवाले
ताई, हे आवडलं! रोज अंघोळ चालते, मग वर्षातून एकदा का नाही?

संग्रहालयशास्त्रवाली
कारण प्रक्षाळ भक्तीचा आहे, तो देरासरातच शोभतो, आणि मी तिथे जाऊन कोणाला थांबवणार नाही. पण पूजा सुटून शतकं मातीत राहिलेल्या मूर्तीला कपाटात आणून पुन्हा झिजवायची, ही कोणाची भक्ती? ती मालक बदलल्यावरची हौस झाली.

प्रतापनगर_एक
धुळीचं कोणी बोलतच नाही. 'हात लावू नका' ह्या नावाखाली धूळही राहू द्यायची ही शुद्ध आळशी पळवाट. धूळ ओलावा धरते, किड्यांना बोलावते. झटकणं आणि पॉलिश करणं ह्या दोन गोष्टी आहेत. मऊ केसांचा ब्रश, शेजारी व्हॅक्युमची नळी तोंडाला जाळी बांधून, बस. ओलं फडकं नको. सुती फडकंही नको, त्याचे धागे उचकटलेल्या कडेला अडकतात आणि कपचा निघतो. चांदीचं तर आणखी बिकट. काळेपणा म्हणजे सल्फाइड, आणि दर पॉलिशला थोडी चांदीच निघते. मुलामा असेल तर काही वर्षांत खालचा धातू हसायला लागतो. कपाटात लोकर किंवा सल्फरवालं रबर असेल तर आज घासलं, उद्या काळं.

रावपुराकर
आणि तैलचित्रं? राजमहालाच्या आवारातल्या संग्रहालयात रविवर्म्याची आहेत, ती पण ब्रशने झटकायची का?

संग्रहालयशास्त्रवाली
तिथे कापसाच्या बोळ्यावर थुंकी. खरंच. लाळेतल्या विकरांनी वरची मळी सुटते. ह्यावर संशोधन करणाऱ्या पोर्तुगीज मंडळींना २०१८ चा इग नोबेल (आधी हसवणारा, मग विचार करायला लावणारा पुरस्कार) मिळाला. पिवळं पडलेलं वार्निश मात्र लाळेने निघत नाही, त्याला द्रावक लागतं, आणि तिथे हात चुकला तर रंगही सोबत येतो.

दांडियाबाजारवाले
थुंकी चालते आणि चिंच नाही! घरी सांगितलं तर हसतील.

बरं, मूळ मूर्तीला हात नको म्हणता, मग शेजारी ओतीव प्रतिकृती ठेवा. झळाळती, चांदीच्या डोळ्यांची, नवी होती तेव्हाची. लोकांनाही कळेल.

संग्रहालयशास्त्रवाली
साचा मूळ मूर्तीवरून घ्यायचा नाही. सिलिकॉनचे अंश थरात राहतात. त्रिमिती स्कॅनवरून करा, मग माझी हरकत नाही. प्रकाशही बाजूने टाका, वरून नको. निम्मे नाक-डोळे तेवढ्यानेच दिसायला लागतील.

वाडीकर ताई
प्रतिकृती चकाकली की सगळे तिच्यासोबतच सेल्फी काढणार. खरीकडे बघणार कोण?

दांडियाबाजारवाले
मग खरी आधी ठेवा, प्रतिकृती दाराशी, बाहेर पडताना. आणि खाली मराठीतही चार ओळी लिहा की हिरवं का आहे. माझ्या साडूला अजून वाटतं, घासायला माणूस मिळत नाही म्हणून.