टीव्हीवरच्या चॅनलवरून घेतलेलं माणिक सोनाराच्या ज्योतीखाली तडकलं, आता पैसे परत मागता येतील का?

बर्मिंगहॅमची_आत्या

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडात राहणारे आहेत आणि खड्यांतलं कळणारेही आहेत, म्हणून इथेच विचारते. लिहिणं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझ्या भाचीचं लग्न नाशिकला ठरलं. गुरुजींनी तिला माणिक घालायला सांगितलं होतं, तेव्हा "अंगठी आत्याकडून" असं मी वहिनीला आधीच सांगून टाकलं. आमच्याकडे टीव्हीवर रत्नांचे दागिने विकणारी चॅनलं दिवसरात्र चालू असतात. भारतातल्यांना कल्पना यावी म्हणून सांगते. त्यांची बोली उलटी असते. आकडा ४९९ पौंडांपासून सुरू होतो आणि खाली खाली येतो. कोपऱ्यात "उरले ११", "उरले ७" असं दिसत राहतं आणि निवेदिका एका श्वासात बोलत असते. खडा पडद्यावर एवढा मोठा करून दाखवतात की त्यातला प्रत्येक पैलू मोजून घ्यावा. ९ कॅरेट सोनं, ३.२० कॅरेटचं माणिक, "मूल्यांकन ८९५ पौंड". मला ती १४९ पौंडांना पडली. फोनवर माणूस नव्हताच. यंत्राला ग्राहक क्रमांक सांगायचा आणि बटण दाबायचं.

अंगठी आली. सोबत चकचकीत कागद, त्यावर "नॅचरल रुबी, ३.२० कॅरेट". रंग टीव्हीवर दिसला त्याहून काळपट वाटला, पण लाल होता. लग्नाला निघायचं होतं, ती घेऊन नाशिकला गेले.

भाचीच्या बोटाला अंगठी घट्ट झाली. आमचे सराफ बाजारातले घरचे सोनार, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी कागद वाचला, माप वाढवायला पट्टी कापली, जोड घातला, डाग द्यायला ज्योत लावली आणि नंतर आम्लात टाकली. बाहेर काढली तर खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं. पृष्ठभागावर बारीक खड्डे. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "ताई, यात काच भरलेली होती. खरं माणिक एवढ्या आचेला हलत नाही." त्यांनी मजुरी घेतली नाही. केळवणाच्या दिवशी भाचीच्या हातात काय द्यायचं हा प्रश्न होता. शेवटी आईची जुनी पोवळ्याची अंगठी दिली. तिने आनंदाने घेतली, पण मला फार लागलं.

परत आल्यावर चॅनलला लिहिलं. उत्तर आलं ते असं: १४ दिवस होऊन गेले आहेत, वस्तूत त्रयस्थाने बदल केला आहे, परत घेता येणार नाही. शिवाय म्हणे आमच्या संकेतस्थळावर प्रक्रियेची माहिती दिलेली आहे. मी जाऊन शोधलं. वर्णनात सगळ्यात खाली एक रकाना आहे, त्यात "एफएफ" अशी दोन अक्षरं. त्यांचा अर्थ दुसऱ्याच पानावर.

मी ३० वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स होते. औषध देताना त्यात काय आहे हे रुग्णाला न सांगता आम्हाला गोळी देता येत नसे. मग खड्यात काच आहे हे सांगायला कोणाचं काय जात होतं?

माझे प्रश्न दोन. हे "काच भरलेलं माणिक" म्हणजे नक्की काय आणि त्याला खरं माणिक म्हणता येतं का? आणि त्यांचं हे उत्तर कायद्याला धरून आहे का?

दहापट_भिंग

आत्या, तुमच्या सोनारांनी अचूक सांगितलं. मी मुंबईत खडे तपासण्याचं काम करतो, असे "माणिक" आमच्याकडे सतत येतात.

माणिक म्हणजे कोरंडम. ते साधारण २,०५० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे सोनाराची ज्योत त्याचं सहसा काही बिघडवत नाही. पण खाणीतून जो माल निघतो त्यात दागिन्याच्या लायकीचे खडे थोडे. बाकीचे भेगाळलेले, अपारदर्शक, कवडीमोल. २००४ च्या सुमाराला हा भेगाळलेला माल आम्लाने धुऊन त्यात शिसेयुक्त काच वितळवून भरण्याची पद्धत बाजारात आली. काचेचा आणि माणकाचा प्रकाश वळवण्याचा गुण जवळपास सारखा, म्हणून भेगा दिसेनाशा होतात आणि दगड एकदम लाल, पारदर्शक दिसू लागतो. काही खड्यांत काच इतकी असते की तीच तुकड्यांना धरून ठेवते. तुमच्या ३.२० कॅरेटमध्ये काचेचंही वजन आहे.

ही काच नाजूक. आचेने वितळते, सोनाराच्या आम्लाने झिजते, लिंबाचा रस लागून राहिला तरी खराब होते. घरात भांडी घासणाऱ्या, लिंबू पिळणाऱ्या बाईच्या हातात ती टिकायची कशी? विकणाऱ्याने हे सांगायलाच हवं, कारण खडा कसा वापरायचा हे त्यावरच ठरतं.

ओळखायला दहापट भिंग पुरतं. खडा हळूहळू फिरवा. भेगेच्या दिशेला निळसर झाक चमकून जाते आणि आत गोल किंवा चपटे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक माणकात असे बुडबुडे नसतात.

गरम केलेलं माणिक मात्र वेगळं. जगातली बहुतेक माणकं रंग खुलवण्यासाठी तापवलेली असतात, ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि त्याने खडा कमकुवत होत नाही. दोन्हींना "ट्रीटेड" असा एकच शब्द लावला की गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारात काच भरलेल्या मालाला निव्वळ "नॅचरल रुबी" म्हणणं मान्य नाही. सिब्जो ही दागिने व्यापाराची जागतिक संघटना आहे, तिच्या नियमांत प्रक्रिया उघड सांगायची आहे.

सोनारकाकांना एक विनंती करा. काय काम केलं, ज्योत लावण्याआधी खडा कसा दिसत होता, नंतर काय झालं हे त्यांच्या दुकानाच्या कागदावर तारीख घालून लिहून घ्या.

रेडिंगकर

कायद्याचं मी सांगतो. मी वकील नाही, पण ग्राहक सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून ही कामं करतो.

चॅनलने तुम्हाला दोन वेगळे हक्क एकात मिसळून उत्तर दिलंय. १४ दिवसांचा हक्क २०१३ च्या नियमांतला आहे. घरबसल्या घेतलेली वस्तू आवडली नाही, एवढ्या कारणावरही परत करता येते. काही विक्रेते म्हणतात, "आमचा लिलाव आहे, लिलावाला हा हक्क नाही." ते खोटं. ज्या लिलावाला ग्राहक स्वतः हजर राहू शकतो त्यालाच सूट आहे, टीव्हीवरच्या उतरत्या बोलीला नाही. परत करताना सुरुवातीचा साधा पोस्टेज खर्चही त्यांनी द्यायचा असतो, हे अनेकांना माहीत नसतं आणि तेवढे पौंड दर वेळी गिळले जातात.

तुमची मुदत गेली, हे मान्य. पण तुमची तक्रार "आवडलं नाही" अशी नाहीच. तुमची तक्रार आहे "जे सांगितलं ते दिलं नाही". ती २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखाली येते. वस्तू वर्णनाप्रमाणे हवी. ३० दिवसांत थेट नाकारता येते. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली मागायची, तीही जमली नाही तर पैसे. पहिल्या ६ महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासून होता असंच धरतात, नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. आणि काच तर पहिल्या दिवसापासून आतच होती! सोनाराने तिथे नेऊन घातली नाही. "त्रयस्थाने बदल केला" हा मुद्दा म्हणूनच लंगडा आहे.

"एफएफ" म्हणजे फ्रॅक्चर फिल्ड, भेगा भरलेला खडा. ते म्हणणार, आम्ही कळवलं होतं. तुम्ही विचारा, फोनवर खरेदी करणाऱ्या बाईला ते कुठे दिसलं? पडद्यावर होतं का? निवेदिका बोलली का? त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लेखी मागा, आणि लवकर मागा.

सगळ्यात महत्त्वाचं: पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते का? भरले असतील तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ लागू होतं. वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर विक्रेत्याइतकीच बँकही जबाबदार. हप्त्याने घेतली असली तरी अंगठीची पूर्ण किंमतच धरतात. डेबिट कार्ड असेल तर चार्जबॅक मागा, म्हणजे बँकेला विक्रेत्याकडून पैसे परत घ्यायला सांगा, त्याला मुदत असते.

जाहिरातीतल्या दाव्याबद्दल एएसएकडे, म्हणजे जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करता येते, टेलिशॉपिंग त्यांच्या कक्षेत येतं. पैसे ते मिळवून देत नाहीत.

लेस्टरची_मावशी

आत्या, वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजूही लिहिते. मी या चॅनलांवरून बरेच दागिने घेतले आणि त्यातले काही मला खरंच आवडतात. टांझानाइट हा खडा मला तिथेच कळला. १९६७ मध्ये टांझानियात किलिमांजारोजवळच्या मेरेलानी टेकड्यांत सापडला. आपल्या नवरत्नांत तो असणार कुठून! हाय स्ट्रीटच्या दुकानात तो मला कधी दिसलाही नव्हता.

त्रास आहेतच. पडद्यावर निळाशार दिसलेला टांझानाइट घरच्या पिवळ्या दिव्याखाली जांभळट दिसतो. खडाच तसा आहे, उन्हात निळा आणि पिवळ्या उजेडात जांभळा, पण ते कोणी बोलत नाही. तो मऊही असतो, रोजच्या अंगठीत ओरखडे पडतात. "ट्रिपल ए" दर्जा म्हणतात, त्याला हिऱ्यासारखं सर्वमान्य मापच नाही. प्रत्येक चॅनलचं ट्रिपल ए वेगळं. "ग्रीन अमेथिस्ट" म्हणजे प्रासिओलाइट नावाचा हिरवा क्वार्ट्झ, "मिस्टिक टोपाझ" म्हणजे वरून पातळ लेप दिलेला टोपाझ. चांदी तर इतकी पातळ की अंगठी मुठीत दाबली तर वाकते.

आणि ते "मूल्यांकन"! माझ्या एका हाराला ६०० पौंड मूल्यांकन होतं, मी ७० ला घेतला. विकायला गेले तेव्हा दुकानदाराने चांदीच्या वजनाचे देऊ केले. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फसवणारा आकडा तोच आहे. तो बघूनच माणूस बटण दाबतो.

बर्मिंगहॅमची_आत्या

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं म्हणणं पटतं. माझा राग टीव्हीवर दागिने विकण्यावर नाही. १४९ पौंडांत ३ कॅरेटचं उत्तम माणिक मिळत नाही हे मला कोणी साध्या शब्दांत सांगितलं असतं तर मी लहानसं, अर्ध्या कॅरेटचं घेतलं असतं. भाचीला मोठा खडा नकोच होता. तिला आत्याची आठवण हवी होती. माझ्यासारख्या कितीतरी बायका रात्री झोप येत नाही म्हणून ही चॅनलं बघतात. निवेदिका नावाने हाक मारते, "वेलकम बॅक" म्हणते, बरं वाटतं. त्या विश्वासावर हा माल खपतो आणि त्याच विश्वासाशी हे लोक असं वागतात, याची मला चीड आहे.

रेडिंगकर, कार्ड क्रेडिटचंच होतं. दहापट_भिंग, सोनारकाकांना फोन केला, ते लिहून द्यायला लगेच तयार झाले. पण नाशिकच्या सोनाराचा कागद इथली बँक मानेल का?

दहापट_भिंग

त्यांचा कागद घटनाक्रमासाठी. खड्यात काय आहे हे तिथल्याच तज्ज्ञाकडून लिहून घ्या. तुम्ही बर्मिंगहॅमला आहात, म्हणजे ज्वेलरी क्वार्टर, तिथला सराफ बाजार, दाराशीच. तिथल्या ॲसे ऑफिसची (सोन्याचांदीची शुद्धता तपासून हॉलमार्क मारणारं कार्यालय) अँकरसर्ट नावाची स्वतःची रत्नप्रयोगशाळा आहे. हे ॲसे ऑफिस १७७३ पासूनचं, जहाजाच्या नांगराची खूण त्यांचीच. तुमच्या अंगठीच्या आतही ३७५ (९ कॅरेट सोन्याचा आकडा) च्या शेजारी बघा. इंग्लंडात १ ग्रॅमच्या वरच्या सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे. चांदीला मात्र ७.७८ ग्रॅमपर्यंत सूट, म्हणून मावशींच्या हलक्या अंगठ्यांवर तो नसेल. आणि हॉलमार्क फक्त धातूची हमी देतो, खड्याबद्दल त्यात अक्षरही नसतं.

तपासणीला देताना "मूल्यांकन करा" म्हणू नका. "काचेचा भराव आहे का, असल्यास किती" एवढंच विचारा. खर्च आधी विचारून घ्या, आणि तो खर्चही दाव्यात मागा.

रेडिंगकर

बँकेला पत्र लिहिताना "कलम ७५" हे शब्द पहिल्या ओळीत घाला, नाहीतर साधी चार्जबॅकची विनंती समजून बाजूला टाकतात. बँकेने तक्रारीवर ८ आठवड्यांत निकाल दिला नाही किंवा नाही म्हटलं, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. ते फुकट असतं.

बर्मिंगहॅमची_आत्या

आज अंगठी तपासणीला देऊन आले. काउंटरवरच्या मुलीने भिंगातून बघितलं आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. खडा फिरवला तर ती निळी झाक मलाही दिसली. अहवाल लेखी येईल, तो आला की बँकेचं पत्र टाकते. चॅनलकडे रेकॉर्डिंग कालच मागितलंय, पावतीसह. बँक काय म्हणते ते इथेच कळवेन.