‘वळणावर जाणं’ आणि ‘वळण लावणं’

मूळ प्रश्न (कोथरूड, पुणे)

पालकांना वाटायच्या माहितीपत्रकांचं मराठीकरण मी एका समुपदेशन केंद्रासाठी करते. गेल्या महिन्यातल्या पत्रकात माझं एक वाक्य होतं : ‘माणसाचा स्वभाव सुमारे 50 टक्के आनुवंशिक असतो, उरलेला वातावरणामुळे घडतो.’ शब्दकोश उघडून, शब्दाला शब्द लावून केलेलं वाक्य. पालकसभेत एक वडील उठले. मुलगी दत्तक आहे, हे त्यांनी सगळ्यांसमोर सहज सांगितलं आणि विचारलं, “म्हणजे ताई, आमच्या लेकीत आमचं अर्धंच का?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, शब्द बरोबर असूनही त्यातून पोहोचलेला अर्थ चुकीचा आहे.

‘वातावरण’ मलाच पटत नाही. पावसाळी वातावरण, निवडणुकीचं वातावरण, घरातलं तंग वातावरण, या सगळ्यातून काहीतरी हवेत असल्यासारखं वाटतं. ‘पर्यावरण’ म्हटलं की पुण्यात टेकड्या आणि मुळा-मुठेचं पाणी डोळ्यांसमोर येतं. ‘परिस्थिती’ तर थेट पैशाशी जाते. ‘त्यांची परिस्थिती बेताची’ म्हटल्यावर कोणी स्वभावाचा विचार करत नाही. आणि ‘आनुवंशिक’, ‘जन्मजात’, ‘उपजत’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1 (निवृत्त जीवशास्त्र शिक्षक)

ताई, आधी लेखनाचं. ‘अनुवंश’ला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या अक्षराची वृद्धी होते, म्हणून ‘आनुवंशिक’. वर्तमानपत्रांत ‘अनुवंशिक’ सर्रास दिसतं, पण तुम्ही लिहिलंय तेच बरोबर आहे.

तिन्ही शब्द एक नाहीत, आणि पालकांसाठी लिहिताना हा फरक पाळलाच पाहिजे. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं. गर्भारपणात आईला रुबेला झाला तर मूल बहिरं जन्माला येऊ शकतं. ते बहिरेपण जन्मजात आहे, आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनचा आजार आनुवंशिक आहे, पण तो बहुधा तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतो. जन्मताना त्याचा मागमूस नसतो. ‘उपजत’ हा बोलीतला शब्द. उपजलं तेव्हापासूनचं, एवढंच तो सांगतो. कुठून आलं ते सांगत नाही. बोलण्यात छान आहे, वैद्यकीय पत्रकात नको.

आणखी एक गैरसमज फार खोल गेला आहे : आनुवंशिक म्हणजे अटळ. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार नॉर्वेच्या फोलिंग यांनी 1934 मध्ये ओळखला. तो पूर्णपणे आनुवंशिक आहे. उपचार न झाल्यास बुद्धीची वाढ खुंटते. पण जन्मल्याबरोबर तपासणी होऊन फिनाइलॲलनिन हा प्रथिनांमधला घटक मोजून दिलेला आहार सुरू झाला, तर तेच मूल बहुतेक इतर मुलांसारखं वाढतं. जनुक बदललेलं नाही, ताट बदललं.

आता तुमचे 50 टक्के. हा आकडा जुळ्यांच्या अभ्यासातून येतो. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, भिन्न जुळ्यांची सरासरी निम्मी सारखी. मग एकसारखी जुळी स्वभावाने किती जास्त जुळतात ते मोजायचं. पन्नास वर्षांतले असे 2,700 हून अधिक शोधनिबंध 2015 मध्ये एकत्र तपासले गेले आणि सगळ्या गुणधर्मांची सरासरी 49 टक्के आली. पण हे 49 टक्के एका माणसातले नाहीत! लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांमधल्या फरकाशी निगडित आहे, त्याचं ते माप आहे. त्याला हेरिटेबिलिटी म्हणतात. मराठीत आपण ‘हेरेडिटी’लाही, म्हणजे आई-वडिलांकडून गुण उतरण्यालाही, आनुवंशिकता म्हणतो आणि ‘हेरिटेबिलिटी’लाही. त्या वडिलांचा घोटाळा तिथेच झाला. त्यांनी मुलगी मध्यावर कापली.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी 1970 मध्ये दिलेलं उदाहरण मी वर्गात बाजरीवर सांगायचो. मिश्र बियाण्याची एक पिशवी घ्या. एक मूठ काळ्या जमिनीत पेरा, दुसरी मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्यांना खत-पाणी सारखंच, म्हणजे तिथल्या ताटांच्या उंचीतला फरक बियाण्याचा. माळावरही तसंच. पण काळ्या रानातली सरासरी ताटं उंच आणि माळावरची खुरटी, हा फरक संपूर्णपणे जमिनीचा. म्हणजे एका रानातला फरक बियाण्याचा असला, तरी दोन रानांमधला फरक बियाण्याचाच असेल असं नाही.

प्रतिसाद 2 (भोर)

मी सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतो. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत शिकलो. शब्दांचं मला फारसं कळत नाही, पण हा प्रश्न माझ्या पेटीत रोज दिसतो.

राणी आणि कामकरी एकाच तऱ्हेच्या फलित अंड्यातून येतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सगळ्या अळ्यांना रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांच्या ग्रंथींतून येणारं खाणं. पुढे कामकरीच्या अळीला मध-परागाचं खाणं, राणीच्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेलीच. एवढ्यावर एक काही आठवडे राबून मरते आणि दुसरी वर्षानुवर्षं अंडी घालते. राणी मेली तर माश्या कामकरीच्याच कोवळ्या अळीला वेगळं खाऊ घालून नवी राणी करतात. हे सगळं भोवतालचं.

पण एखादी वसाहत फार चिडकी असेल, पेटी उघडताच अंगावर येत असेल, तर आम्ही तिची राणी काढून शांत वसाहतीतली राणी देतो. पेटी तीच, जागा तीच, फुलोरा तोच. दीड-दोन महिन्यांत जुन्या कामकरी संपतात, नव्या राणीच्या लेकी भरतात आणि पेटी निवते. हे वाणाचं. दोन्ही खरं आहे, म्हणून कोणी मला ‘यातलं नक्की कोणतं?’ विचारलं की मी आधी विचारतो, कशाबद्दल बोलताय?

प्रतिसाद 3 (नारायण पेठ)

वरच्या दादांनी ‘वाण’ वापरला आणि मला लिहावंसं वाटलं. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ इथला वाण म्हणजे संस्कृत ‘वर्ण’, बैलाचा रंग. बियाण्याचा वाण, संक्रांतीचं वाण, चांगल्या माणसांची वाण, हे उच्चाराने एक असले तरी या म्हणीत रंगच घ्यायचा. ढवळ्याचा रंग पवळ्याला आला नाही, सवयी मात्र आल्या. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1874 मध्ये ‘नेचर’ (उपजत प्रकृती) आणि ‘नर्चर’ (संगोपन) ही यमकाची जोडी रूढ केली. आपल्याकडे वाण आणि गुण ही तितकीच नादमय जोडी गोठ्यात तयार होती. माहितीपत्रकवाल्यांना ती सुचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण ताई, मराठीत नामांपेक्षा क्रियापदांकडे बघा. रंग, नाक, आवाज ‘उतरतो’ : आईचा आवाज उतरलाय. सवय ‘लागते’, तशीच जशी रोगाची लागण होते. शिवी मूल ‘उचलतं’. शिस्त अंगी ‘बाणते’. आणि जे बाहेरून येऊन इतकं आत जातं की उपजतच वाटावं, ते ‘भिनतं’, ‘मुरतं’, ‘हाडीमाशी खिळतं’. कोणती गोष्ट कुठल्या वाटेने आली ते आपली भाषा क्रियापदात सांगून टाकते.

‘बाळकडू’ बघा. गायकाच्या मुलाबद्दल हमखास लिहितात, ‘गाण्याचं बाळकडू घरातच मिळालं.’ वाचणाऱ्याला वाटतं, रक्तातलंच. पण बाळकडू रक्तात नसतं, ते कुणीतरी पाजतं. आमच्या घरी आजी सहाण धुऊन घ्यायची, आईच्या दुधाचे चार थेंब, मग अतिविषाचा एक वेढा, मुरडशेंगेचा एक, वेखंडाचा अर्धा. जास्त उगाळलं तर बाधायचं, म्हणून वेढे मोजताना ती कुणाशी बोलत नसे. मग करंगळीने तान्ह्याच्या जिभेवर. बाळ तोंड वाकडं करायचं. वंशपरंपरेसाठी आपण ज्या शब्दाची उपमा देतो, तो शब्द मुळात रोज पहाटे उठून करायच्या कामाचा आहे.

आणि सगळ्यात विलक्षण आहे ‘वळण’. ‘पोरांना वळण लावलं’ म्हणतो तेव्हा ते लावलेलं, शिकवलेलं. ‘पोरगा आजोबांच्या वळणावर गेलाय’ म्हणतो तेव्हा तेच वळण वारशासारखं. अक्षराचं वळणही दोन्हीकडे जातं. पंतोजींनी गिरवून घेतलेलं असतं, तरी ‘अगदी वडिलांचं वळण’ म्हणतातच. एका शब्दात दोन्ही अर्थ आहेत म्हणून तो सैल आहे, असं मला वाटत नाही. बोलणाऱ्या पिढ्यांनी ते वेगळं केलंच नाही, कारण घरात ते वेगळं दिसत नाही.

प्रतिसाद 4

‘खाण तशी माती’ विसरू नका. ही म्हण मुलांसमोर बोलू नये असं मला ठामपणे वाटतं. माझ्या धाकट्या भावाने ती लहानपणी इतक्यांदा ऐकली की अभ्यास करून काय उपयोग, असं तो खरोखर म्हणायला लागला होता.

मूळ लेखिकेकडून

सगळ्यांचे आभार. ‘वातावरण’ काढून ‘भोवताल’ घेतला. एक काळजीही घेतली आहे. उरलेला वाटा म्हणजे आई-वडिलांची शिकवण, असंही पालकांनी समजू नये. त्यात गर्भातले महिने, आजारपणं, मित्र, शिक्षक, निव्वळ योगायोग, शिवाय मोजमापातल्या चुकाही येतात. नवं वाक्य असं : ‘माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा फरक जनुकांमधल्या फरकाशी जोडलेला आढळतो. एका मुलाच्या स्वभावाची अशी वाटणी करता येत नाही.’ लांब झालं, पण राहू दे.

पत्रक छापायला देण्याआधी त्या वडिलांना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी दुसरं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, “आमच्या सोसायटीतल्या बायका काय म्हणतात, सांगू? माझी आई फोनवर बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. आमची लेक नऊ वर्षांची, तिला पदर कुठला, ती ओढणीचं टोक घेते. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, पोरगी अगदी आजीच्या वळणावर गेलीय हो.”

लेक दत्तक आहे, हे त्या काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.