मदत हवी आहे: थाई गांजाच्या झाडाला फुलंच येईनात

मंडळी, टोरांटोजवळ राहतो, इथे 2018 पासून घरी गांजाची 4 झाडं लावायला परवानगी आहे (भारतात कोणी ट्राय करू नका रे, उगाच लफडं). यंदा हौसेने थाई लँडरेसचं (म्हणजे तिकडच्या मूळ गावठी जातीचं) बी लावलं. पानं एकदम निमुळती, बोटं लांबच लांब, आणि झाड कुंपणाच्या वर 7 फूट गेलंय, आईने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं अंबाडी लावलीस का म्हणून!

पण सप्टेंबर अर्धा संपला तरी फुलोरा नाही, शेंड्याला दोन-चार पांढरे केस दिसतात तेवढेच. तिकडे थायलंडमध्ये मोठ्यात मोठा दिवस जेमतेम 13 तासांचा, इथे जूनमध्ये साडेपंधरा, त्यामुळे त्याला फुलायची वेळ कळतच नाही बहुतेक, आणि सुरू झालं तरी 14 आठवडे लागतात म्हणे, इथे ऑक्टोबरात दंव पडायला लागतं म्हणजे कल्याणच.

पुढच्या वर्षी कुंडीतच ठेवून जुलैपासून रोज 12 तास काळ्या ताडपत्रीखाली झाकलं तर जमेल का? आत दमट होऊन बुरशी लागेल ही भीती आहे. शेंडा कधी खुडायचा? की सरळ लवकर येणारी जात लावू? कोणी स्वतः केलं असेल तर सांगा प्लीज.