'सांस्कृतिक प्रवाह' म्हणजे पाणी? आणि हक्क 'दिला' की 'मान्य केला'?

तापीकाठ:
धडगावकडच्या एका अभ्यासगटासाठी एक धोरणटिपण मराठीत आणते आहे. विषय ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे आणि पाण्यावरचे हक्क. वाचणारे बहुतेक गावोगावच्या वनहक्क समित्यांमधले, आपल्याकडचा २००६ चा वनहक्क कायदा तोंडपाठ असलेले. दोन शब्दांवर अडले आहे.

पहिला 'कल्चरल फ्लोज'. मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांनी २००७ साली इचुका इथे एक जाहीरनामा केला, त्यात तो येतो. नदीच्या पाण्यातला काही हिस्सा कायद्याने त्यांच्या मालकीचा असावा आणि तो त्यांच्या श्रद्धा, रीतिरिवाज, नदीची तब्येत आणि पोटापाणी या सगळ्यांना पुरेल एवढा, चांगल्या प्रतीचा असावा, असा त्याचा अर्थ. मी 'सांस्कृतिक प्रवाह' लिहिलं. गटातल्या एका दादांनी खर्डा वाचून विचारलं, "यात नदी कुठंय? हे तर साहित्य संमेलनाचं वाटतं." त्यांचं बरोबर आहे. मराठीत 'सांस्कृतिक प्रवाह' म्हटलं की पाणी दिसतच नाही.

दुसरा 'नेटिव्ह टायटल', म्हणजे मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क. माझं वाक्य होतं, '१९९३ च्या कायद्याने सरकारने मूळ रहिवाशांना जमिनीचे हक्क दिले.' दादांनी 'दिले' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'मान्य केले'. मला आधी ती शब्दाची हौस वाटली. मग मूळ कागद पुन्हा काढला. ३ जून १९९२ च्या माबो निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं होतं. इंग्रज आले तेव्हा जमीन 'कोणाचीच नाही' अशी नव्हती, लोकांचा हक्क आधीपासून होता आणि कायदा तो फक्त ओळखतो. माझ्या एका क्रियापदाने निकाल उलटा झाला होता.

दोन्हींसाठी शब्द सुचवा.

निर्मळ मराठी:
'हक्क' अरबीतून आला, 'दावा' ही तिथूनच. 'अधिकार' असताना त्यांची गरज काय? नेटिव्ह टायटलला 'मूलनिवासी भूस्वामित्व' आणि दुसऱ्याला 'परंपरासिद्ध जलांश'. दोन्ही अर्थवाही आहेत.

तोरणमाळ:
'परंपरासिद्ध जलांश' ग्रामसभेत वाचून दाखवा आणि किती माना हलतात ते बघा. कायद्याच्या मराठी नावातच 'वन हक्कांची मान्यता' आहे. 'हक्क' ज्या लोकांनी मोर्चात उच्चारून मिळवला, त्यांना तो परका आहे म्हणून सांगायचं?

आणि 'मूलनिवासी' तर नकोच. महाराष्ट्रात त्या शब्दाला बहुजन चळवळीतला वेगळा, व्यापक अर्थ चिकटलेला आहे. आमच्याकडे ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन होतो, पोस्टरवर 'आदिवासी' असतं. मूळ रहिवाशांच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण सरकारची भूमिका अशी की देशातले सगळेच मूळचे. म्हणजे तो शब्द आपल्याकडे भांडणाचाच आहे. संविधान सभेत जयपाल सिंग मुंडा 'आदिवासी' या शब्दासाठी अडून बसले होते, तरी छापला गेला तो अनुसूचित जमाती.

निर्मळ मराठी:
मोर्चातला शब्द आणि ग्रंथातला शब्द यांत फरक असू शकतो. मी शब्दाची शिस्त सांगतोय, कोणाच्या हक्काविरुद्ध बोलत नाही.

जुना तलाठी:
मी तीस वर्षं सजा सांभाळला, त्यामुळे बोलतो. गावात कोणी 'नेटिव्ह टायटल' म्हणणार नाही आणि 'वनहक्क मान्यता' पण म्हणणार नाही. म्हणणार 'पट्टा'. 'पट्टा आला का?', 'पट्टा कधी मिळेल?' माणसाला हातात धरता येईल, पेटीत ठेवता येईल असं नाव लागतं. ताम्रपट, पट्टा, पट्टेदार, सगळं एका घरातलं. शब्द असा असावा की खिडकीपाशी उभं राहून मागता येईल.

वावर:
आबा, पेटीतल्या कागदाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर्तमानपत्रात छापतात ते 'वनपट्टे वाटप' वाचून माझं डोकं फिरतं. साड्या वाटतात, कंबल वाटतात, पट्टे वाटतात! स्टेजवर पाहुणा, खाली रांग. माझ्या आजोबांनी ते नेवाड, म्हणजे जंगलातलं शेत, सागाचे बुंधे उपटून केलं, रात्री रानडुकरं हाकलत राखलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो हे दाखवायला घरात म्हातारी माणसं, जुने दंडाचे कागद आणि शेताच्या बांधावरची झाडं एवढंच होतं. कोणी वाटलं नाही. कायदा म्हणतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मान्य, नवरा-बायको दोघांच्या नावाने, वारसाला जातं पण विकता येत नाही. वाटप केलेली वस्तू परत मागता येते. जे होतंच, ते कोण परत मागणार?

आणि १३ फेब्रुवारी २०१९ आठवा. ज्यांचे दावे फेटाळले त्यांना हटवा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, मग २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस आमच्या पाड्यावर कोणी नीट जेवलं नाही. त्या दिवसांत कळलं की 'वाटप' शब्द मनात बसला की नामंजूर माणूस आपोआप 'अतिक्रमणदार' होतो. ज्याला मिळालं तो लाभार्थी, ज्याला नाही तो चोर. दाव्याची छाननी कोणी, कशी केली हे मग कोणी विचारतच नाही. ताई, तुमच्या दादांची काट ठेवा.

जुना तलाठी:
कागदावर 'मान्यता' लिहा, ते बरोबरच आहे. पण 'पट्टा' गावाचा आहे, तो काढायचा कोणी?

वावर:
काढू नका. फक्त 'वाटप' काढा.

फडकरी:
इथे जमिनीवरच चर्चा चालली आहे, ताईंचा पहिला शब्द पाण्याचा होता. मी पांझरेच्या काठचा, साक्री तालुक्यातला. आमच्या फडात पाण्याचा हक्क म्हणजे पाळी. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे मोठे गट, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखायचा, त्यांना घुगरी, म्हणजे मोबदला, धान्यातून मिळायची. नदीला पाणी कमी असेल त्या साली कमी फड भिजवायचे. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणून तूट सगळ्यांनी सोसायची. हे आज कुठल्याही 'हक्कदारी'च्या हिशेबात बसत नाही, कारण महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातली हक्कदारी घनमीटरात मोजतात, आणि आमची पाळी माणसांच्या ओळखीत मोजली जायची. 'पाळीचं पाणी' म्हणा.

शब्दशोधक:
दादा, 'पाळी' शब्द शहरी वाचकाला वेगळ्याच अर्थाने येतो. टिपणात अडचण होईल.

फडकरी:
मग शहरी वाचकाने शिकावं. 'पाळीपाळीने' सगळेच म्हणतात, तेव्हा कोणी दचकत नाही.

तापीकाठ:
'पाळीचं पाणी' मला मनापासून आवडलं. पण अर्थात मोठी तफावत आहे. फडातली पाळी पिकासाठी असते. मरे-डार्लिंगच्या लोकांना त्यांच्या नदीत वाहतं पाणी हवं आहे, माशांसाठी, पाणथळ जागांसाठी, पूर्वजांच्या जागांसाठी. ते काढून शेताला द्यायचं नाही, तिथेच राहू द्यायचं. 'पाळी'त पाणी नदीतून उचललं जातं.

तोरणमाळ:
मग नर्मदेकाठच्या माणसांना विचारा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्याची, मणिबेली त्यांतलं पहिलं. तिथले लोक नदीला माय म्हणतात, आणि पुनर्वसनाच्या यादीत घर, झाडं, जमीन मोजली गेली, माय मोजली गेली नाही. मासे, काठावरची मळईची, म्हणजे गाळाच्या जमिनीतली, शेती, चारा, देवाच्या जागा, याला पाण्याचा हक्क म्हणून कोणत्या रकान्यात लिहायचं? आपल्या २००६ च्या कायद्यात कलम ३ मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज हा सामूहिक हक्क म्हणून आहे, पण दावे करताना ते कलम कित्येक गावं भरतच नाहीत. मी स्वतः आमच्या समितीचा फॉर्म भरला तेव्हा जंगल लिहिलं, ओढा राहून गेला. अजून खंत वाटते.

निर्मळ मराठी:
'नदीमायेचं पाणी' कसं वाटतं? 'माय' तर शुद्ध देशी आहे.

वावर:
हा तुमचा पहिला शब्द आहे जो माझ्या आईला कळेल.

शब्दशोधक:
पण कायदेशीर मालकीचा भाग त्यातून गळतो. जाहीरनाम्यात मालकी आहे. 'नदीमायेचं हक्काचं पाणी' म्हणावं लागेल, म्हणजे 'हक्क' परत आला.

फडकरी:
एक सांगायचं राहिलं. फडात पाणी शेताला लावणाऱ्याला 'बारेकरी' म्हणतात, आमच्याकडे अजूनही 'बारे द्यायला चाललो' असंच म्हणतात. हे 'बारे' मूळचं 'वारि', म्हणजे पाणी, असं माझे आजोबा सांगायचे.

जुना तलाठी:
नाही हो. सातारा-सांगलीकडे 'दारं धरायला जातो' म्हणतात, तेच हे. संस्कृत 'द्वार' चं एकीकडे 'दार' झालं, दुसरीकडे 'बार'. गुजरातीत अजून 'बारणुं' म्हणजे दार. खान्देश गुजरातला खेटून, म्हणून आपल्याकडे 'बारे'. वाफ्याचं दार उघडायचं आणि पाणी सोडायचं.

फडकरी:
पण मग गुजरातेत वाफ्याला पाणी देण्याला 'बारे' म्हणतात का? नवापूरकडचं कोणी असेल तर सांगा. माझा आजोबा 'वारि' म्हणायचा, आणि पाणी त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

जुना तलाठी:
पाणी कळत असेल, व्युत्पत्तीचं वेगळं. नवापूरकडच्यांना मीही विचारतो.

तापीकाठ:
'मान्य केले' पक्कं केलंय. 'फ्लोज' ची जागा खर्ड्यात रिकामी ठेवली आहे, पुढच्या बैठकीत दादांना 'नदीमायेचं हक्काचं पाणी' वाचून दाखवीन. नवापूरकडून काही कळलं तर मलाही सांगा, कारण आता माझ्याही डोक्यात 'बारे' अडकलं आहे.